नेत्रविज्ञानाच्या संशोधनात भारत कितवा? आणि हे मोजायचं कसं?

ओवी | सोमवार, सकाळी ११:१२

एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी करते. आमच्या नेत्रविभागाला परिषदेत दाखवायला एक स्लाइड हवी आहे: 'नेत्रविज्ञानाच्या संशोधनात भारताचं स्थान'. विभागातल्या सरांच्या मते काम अर्ध्या तासाचं. सायमॅगो या संशोधन-क्रमवारीच्या साइटवर जायचं, विषयात ऑफ्थॅल्मॉलॉजी निवडायचं, देशांची यादी उतरवून घ्यायची.

यादी मिळतेच. निबंधांच्या संख्येत आपण चांगले वर दिसतो. त्याच तक्त्यात 'दर निबंधामागे सायटेशन' असा रकाना आहे (म्हणजे दुसऱ्या निबंधांनी दिलेले संदर्भ), तिथे मात्र आपली घसरगुंडी. सर म्हणाले, पहिला रकाना ठेव, दुसरा उडव.

उडवायला हात धजेना, म्हणून पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या ऑनलाइन सूचीवर स्वतःच मोजायला बसले आणि डोकं भणाणलं. पत्त्यात 'इंडिया'पासून सुरू होणारं सगळं मागितलं तर अमेरिकेतलं इंडियाना आणि इंडियानापोलिस भारतात येऊन बसलं. शहरांच्या नावांनी शोधावं तर पूना आणि पुणे, बॉम्बे आणि मुंबई, मद्रास आणि चेन्नई यांचे संसार वेगळे. शिवाय २०१४ च्या आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवून चालत नाही, कारण तोवर पबमेड फक्त पहिल्या लेखकाचा पत्ता नोंदवत होतं आणि त्यानंतर सगळ्या लेखकांचे नोंदवायला लागलं. आलेख काढला तर वाटेल, त्या वर्षी देशभरातले नेत्रतज्ज्ञ एकदम लिहिते झाले.

तर जाणकारांनो, एखाद्या देशाचं एका वैद्यकशाखेतलं संशोधन मोजायची धड रीत आहे का काही? आणि आपलं संशोधन 'भरपूर पण सुमार' हे खरं आहे का?

खवचट_खान | सोमवार, सकाळी ११:३०

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

ओवीताई, रीत अगदी सोपी आहे. ज्या रकान्यात आपण वर आहोत तो रकाना म्हणजे संशोधन, बाकीचे रकाने म्हणजे पाश्चात्त्यांचा कट.

बेरजेचा_माणूस | सोमवार, दुपारी ३:४५

माझं पोट याच मोजामोजीवर चालतं (मुक्काम नेदरलँड्स), म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मोजायला बसण्याआधी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात, आणि तिन्हींत हातचलाखीला भरपूर वाव आहे.

नेत्रविज्ञानाचा निबंध कोणता? बहुतेक याद्या 'नेत्रविज्ञानाची जर्नलं' असा गठ्ठा करतात आणि त्यात छापून आलेलं तेवढं मोजतात. लॅन्सेटसारखं बडं वैद्यकीय जर्नल 'सामान्य वैद्यक' या खात्यात पडतं. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतल्या दांडोना आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये लॅन्सेटमध्ये थेट प्रश्न टाकला होता की भारताचं नेत्रधोरण जवळजवळ फक्त मोतीबिंदूवर बेतलेलं आहे, ते पुरेसं आहे का. धोरणाच्या दृष्टीनं इतका मोलाचा निबंध, पण जर्नलांच्या गठ्ठ्यातून मोजलं तर नेत्रविज्ञानाच्या खात्यात तो शून्य. म्हणजे एखाद्याचं काम जितकं मोठ्या ठिकाणी छापून येतं तितकं ते त्याच्या शाखेच्या हिशोबातून निसटतं. यावर उपाय म्हणजे मेशच्या, म्हणजे पबमेडनं प्रत्येक निबंधाला लावलेल्या ठरीव विषयसंज्ञांनी शोधायचं आणि नेत्ररोगाची संज्ञा लागलेला निबंध कुठल्याही जर्नलातला असला तरी धरायचा. काम वाढतं, पण इलाज नाही.

निबंध कुठल्या देशाचा? समजा दहा लेखक आहेत, आठ अमेरिकेतले, दोन भारतातले. पूर्ण मोजणीत हा निबंध अमेरिकेच्या नावावर एक आणि भारताच्या नावावरही एक. असं करत गेलं की सगळ्या देशांची बेरीज जगातल्या निबंधांपेक्षा मोठी भरते. अंशांनी मोजलं तर भारताला ०.२, अमेरिकेला ०.८. छोटे देश मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांत सामील होऊन पूर्ण मोजणीत फुगतात आणि अंशमोजणीत पुन्हा आपल्या मापात येतात. स्लाइडवर दोन्ही आकडे द्या, नाहीतर निदान कुठला दिलाय ते लिहा. आणि देशाचा एच-इंडेक्स (जितक्या निबंधांना निदान तितकी सायटेशनं मिळाली तो आकडा) कृपया नको. तो आकारानं वाढतो आणि कधीच कमी होत नाही. उद्या सगळ्यांनी संशोधन बंद केलं तरी देशाचा एच-इंडेक्स जागच्या जागी राहील, किंबहुना थोडा वाढेलही.

उरला दर्जा. इथे खरी गोम आहे. जेवून येतो आणि लिहितो.

पीजी_पीडित | सोमवार, दुपारी ४:०२

वाचतोय. दर्जाचं आमच्याकडून ऐका.

एमएस करणाऱ्या प्रत्येकाला प्रबंध लिहावाच लागतो. विषय गाइड देतात आणि बऱ्याचदा तो तीन बॅचआधीच्या सीनियरचाच असतो, फक्त रुग्ण नवे. सबमिट झाला की बांधलेली प्रत विभागाच्या कपाटात जाते. त्यातल्या किती पुढे निबंध होऊन छापल्या जातात ते ओवीताई तुम्हालाच ठाऊक, कपाटाची किल्ली तुमच्याकडेच असते!

दुसरी बाजू बढतीची. एमसीआयनं, म्हणजे तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेनं, २०१५ साली परिपत्रक काढलं की बढतीसाठी फक्त मूळ संशोधनाचे निबंध चालतील, श्रेय पहिल्या दोन लेखकांनाच, आणि नुसत्या इंटरनेटवर निघणाऱ्या जर्नलांतलं धरणार नाही. ऑनलाइन जर्नलं जगभर मान्य झाल्यावर हे परिपत्रक! पुढे नियम बदलत गेले, पण 'निबंध दाखव, बढती घे' हे राहिलंच. मग पैसे भरले की आठवड्यात छापून देणारी दुकानं निघणार नाहीत तर काय होईल? आमच्या विभागात एका केस रिपोर्टवर सात नावं होती. रुग्णाला बघितलेलं त्यातल्या दोघांनी.

ओवी | सोमवार, दुपारी ४:२०

@पीजी_पीडित, किल्ली आहे आणि धूळही आहे. प्रबंध वाचायला मागणारे कोण? पुढच्या बॅचचे, 'फॉरमॅट बघायला'.

बेरजेचा_माणूस | सोमवार, रात्री ९:१०

हां, दर्जा.

इम्पॅक्ट फॅक्टरपासून सुरुवात करतो, कारण सगळे तिथेच अडकतात. जर्नलानं मागच्या दोन वर्षांत छापलेल्या मजकुराला यंदा मिळालेली सायटेशनं, भागिले त्या दोन वर्षांतले निबंध आणि रिव्ह्यू. संपादकीयं आणि पत्रं भाजकात धरत नाहीत, पण त्यांना मिळालेली सायटेशनं भाज्यात येतात. हे माप आहे जर्नलाचं. त्यावरून एका निबंधाची किंमत ठरवणं म्हणजे सोसायटीच्या सरासरी उत्पन्नावरून एका बिऱ्हाडाचा पगार सांगणं. सॅन फ्रान्सिस्कोच्या २०१२ च्या बैठकीतून निघालेला डोरा जाहीरनामा याच सवयीविरुद्ध आहे.

त्यापेक्षा बरी पद्धत म्हणजे त्याच शाखेतल्या, त्याच वर्षीच्या, त्याच प्रकारच्या निबंधांच्या जागतिक सरासरीशी तुलना. सरासरी १ धरायची, देशाचा आकडा १ च्या वर की खाली ते बघायचं. पण शाखा एक असली तरी आत गल्ल्या अनेक आहेत. रेटिना म्हणजे डोळ्याचा पडदा, मधुमेहानं बिघडलेल्या पडद्यासाठीची इंजेक्शनं, यांवर जगभर झुंडीनं लिहिलं जातं, त्यामुळे तिथला बरा निबंधही भराभर उद्धृत होतो. खेड्यातल्या शिबिरातलं मोतीबिंदूचं ऑपरेशन कसं सुरक्षित करावं, यावर लिहिणारेच मूठभर, मग उद्धृत करणार कोण? दोघांना एकाच सरासरीनं भागलं की शिबिरवाला देश 'सुमार' ठरतो.

सायटेशनं फुगवताही येतात. इटलीत २०१० च्या कायद्यानंतर प्राध्यापकपदाच्या पात्रतेला सायटेशनचे उंबरठे लागले. बाच्चिनी, दे निकोलाओ आणि पेत्रोविच यांनी २०१९ मध्ये मोजून दाखवलं की त्यानंतर इटलीला मिळणाऱ्या सायटेशनमध्ये इटलीतूनच आलेल्यांचा वाटा असा चढला की तुलनेला घेतलेल्या मोठ्या देशांत दुसरं कुणी तसं वागलेलं दिसत नाही. विज्ञान तेवढंच, पाठ खाजवणं वाढलं.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरणही नेहमी देतात. तिथे निबंधांच्या संख्येवर निधी वाटायला लागल्यावर संख्या वाढली आणि दर्जा घसरला, असं लिंडा बटलर यांनी २००३ मध्ये मांडलं. पण २०१७ मध्ये वान डेन बेसेलार आणि मंडळींनी ते आकडे पुन्हा तपासून हा निष्कर्ष टिकत नाही असं म्हटलंय. व्हॉट्सॅपवर फिरवण्याआधी दुसरी बाजूही माहीत असू द्या.

बुबुळ | मंगळवार, पहाटे ५:५०

नेत्रतज्ज्ञ, सोलापूर जिल्हा. ओपीडीच्या आधी लिहून टाकतो, मग दिवसभर उसंत नाही.

बेरजेच्या माणसानं 'गल्ल्या' म्हटलं ते शंभर टक्के बरोबर. माझ्या गल्लीतलंच सांगतो.

ऊसतोडीच्या दिवसांत माझ्याकडे एक ठरलेला रुग्ण येतो. उसाचं पातं डोळ्याला लागलेलं असतं, पहिले काही दिवस दुकानातले थेंब घातलेले असतात, बहुतेक वेळा स्टेरॉइडवाले. येतो तेव्हा डोळा लाल, बुबुळावर पांढरा-करडा डाग, कडा पिसासारख्या विस्कटलेल्या. खरवडून काचेवर घेतलं, केओएचचा थेंब टाकला की बुरशीचे धागे दिसतात. बरा झाला तरी मागे फूल राहतं.

याला औषध कोणतं? जुनं नॅटामायसिन की नवं, महागडं व्होरिकोनाझोल? तर्कानं नवं सरस वाटत होतं, डोळ्यात खोलवर शिरतं म्हणून. उत्तर मिळालं २०१३ मध्ये, मुट-१ नावाच्या चाचणीतून. अरविंद नेत्र रुग्णालयांतले ३२३ रुग्ण, पहिलं नाव डॉ. प्रज्ञा यांचं, आणि निकाल जुन्या नॅटामायसिनच्या बाजूनं. फ्युजेरियम बुरशीत तर फरक ठळक. चाचणी ठरल्यापेक्षा आधी थांबवली, इतका. माझं औषध लिहिणं या एका निबंधानं पक्कं झालं.

आता हा निबंध कुणाचा? रुग्ण तमिळनाडू-पुदुच्चेरीकडचे, डोळे तपासणारे तिथले. पैसा अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटचा, आखणीत सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रॉक्टर फाउंडेशनचा मोठा हात, लेखकांत दोन्हीकडचे. अंशमोजणीत भारताच्या पदरात तुकडा पडणार. पण हा आजार सॅन फ्रान्सिस्कोत किती दिसतो? रुग्णच नसते तर चाचणी झाली नसती. श्रेय वाटायला बसलात तर 'प्रश्न कुणाच्या गावचा' यालाही रकाना ठेवा.

ओपीडी सुरू झाली. पुण्याचं उदाहरण रात्री लिहितो.

खवचट_खान | मंगळवार, सकाळी ९:१५

डॉक्टर, दंडवत. पण एक खोडा घालतो. रुग्ण आमचे, प्रश्न आमचा, म्हणून संशोधन आमचं, हे जरा भावनिक होतंय. प्रश्न सुचला कुणाला, रचना कुणी केली, आकडेमोड कुणी केली? परदेशी पैसा थांबला तर पुढची चाचणी होईल का? 'क्षमता' मोजायची असेल तर हे विचारावं लागेल. नुसते रुग्ण पुरवणं म्हणजे कच्चा माल निर्यात करणं.

बुबुळ | मंगळवार, रात्री १०:३०

@खवचट, मुद्दा मान्य, पण मुटच्या बाबतीत लागू नाही. पहिला लेखक भारतातला आहे आणि अरविंदमध्ये बुरशीच्या अल्सरवर काम त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होतं. कच्चा माल म्हणू नका.

आणि परदेशी आखणी नसलेलं हवं असेल तर पुण्याला या. डॉ. परीक्षित गोगटे, डॉ. मदन देशपांडे आणि सहकाऱ्यांनी पुण्यात मोतीबिंदूच्या दोन चाचण्या केल्या. पहिली २००३ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजीत आली: टाक्यांचं जुनं ऑपरेशन की छोट्या छेदाचं हातानं केलेलं, म्हणजे एसआयसीएस? दुसरी २००५ मध्ये ऑफ्थॅल्मॉलॉजी या जर्नलात, ४०० रुग्णांची: एसआयसीएस की मशीननं मोतीबिंदू फोडून काढायची फेको? फेकोत चष्म्याशिवाय दिसणाऱ्यांचं प्रमाण सरस निघालं, पण चष्म्यासह नजर आणि सुरक्षितता दोन्हींत सारखी. ज्या रुग्णालयाला फेकोचं मशीन आणि त्याचा दर ऑपरेशनचा खर्च झेपत नाही, त्याच्यासाठी हे सोन्यासारखं उत्तर. (पहिल्या चाचणीच्या लेखकांत एक इंग्रज आहेत, खवचट शोधून काढेलच, म्हणून आधीच सांगितलं.)

एसआयसीएस अमेरिका-युरोपात फारसं कुणी करत नाही, त्यामुळे तिथून सायटेशन बेताचीच येणार. पण चाचण्यांचे पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेनं २०१३ मध्ये एसआयसीएस विरुद्ध फेको असा आढावा घेतला तेव्हा त्यात आठ चाचण्या बसल्या, आणि त्या कुठल्या? भारत, नेपाळ, दक्षिण आफ्रिका. जगाला या प्रश्नाचं उत्तर हवं झालं तर आपल्याकडेच यावं लागतं. हे कुठल्या रकान्यात दिसतं?

बेरजेचा_माणूस | मंगळवार, रात्री ११:०५

दिसू शकतं. आढावे आणि उपचारांच्या मार्गदर्शिका यांच्यात कुठल्या देशाच्या चाचण्या किती वेळा आधार म्हणून घेतल्या, हे मोजता येतं. हातानं करायला लागतं म्हणून कुणी करत नाही. लायडन जाहीरनामा म्हणून दहा तत्त्वं २०१५ मध्ये नेचरमध्ये आली, त्यातलं तिसरंच तत्त्व स्थानिक प्रश्नांवरच्या उत्तम संशोधनाला जपा असं आहे.

पीजी_पीडित | बुधवार, सकाळी ८:१०

सगळे अरविंद, एल. व्ही. प्रसाद, शंकर नेत्रालय, एम्सचं आर. पी. सेंटर, चंदीगडचं पीजीआय यांच्याबद्दल बोलतायत. 'भारताचं संशोधन' म्हणजे ही चार-पाच गेटं, बाकी शुकशुकाट. रे, शाह आणि नंदी यांनी २०१६ मध्ये सगळ्याच वैद्यकशाखा धरून मोजलं होतं: २००५ ते २०१४ या दहा वर्षांत ५७९ संस्थांपैकी ३३२ संस्थांचा एकही निबंध नाही! आणि वर्षाला शंभरावर निबंध देणाऱ्या फक्त २५ संस्थांनी देशाचे ४० टक्के निबंध दिले. देशाची सरासरी काढून काय सांगणार? सरासरीत राहणारं कुणी नाहीच.

नाना_वाचक | बुधवार, दुपारी १२:४०

निवृत्त माणूस, वेळच वेळ. अवांतर वाटलं तर सोडून द्या.

आमच्या काळी भारतीय जर्नलात छापलं म्हणजे विहिरीत टाकलं. अंक पोस्टानं येणार, परदेशी ग्रंथालयांत जाणारच नाही, मग उद्धृत कोण करील? यात फरक पाडला तो मुंबईतून. केईएमच्या जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिननं सगळे अंक इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवले, लेखकांकडूनही पैसे घेतले नाहीत. त्यात असलेले डॉ. देवकुमार साहू यांनी मेडनो ही प्रकाशनसंस्था काढली आणि कितीतरी भारतीय जर्नलं जगाला दिसायला लागली, इंडियन जर्नल ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजीही त्यांतलंच. २०११ मध्ये मेडनो वोल्टर्स क्लुवरनं विकत घेतली.

मला म्हणायचंय ते असं की सायटेशन वाढली म्हणजे दर्जाच वाढला असं नसतं. निबंध तोच, दार उघडं झालं.

खवचट_खान | बुधवार, दुपारी १:०५

नाना, +१. पहिल्यांदाच.

मग मी म्हणतो, कागद मोजूच नका. अंधत्व किती घटलं ते मोजा. २००६-०७ च्या पाहणीत १ टक्का, २०१५-१९ च्या राष्ट्रीय पाहणीत ०.३६ टक्के. संशोधनाचा निकाल याहून चांगला कोणता?

बेरजेचा_माणूस | बुधवार, सायंकाळी ६:५०

खान, यातही तळटीप आहे. २०१७ मध्ये आपण अंधत्वाची व्याख्या बदलली, ६/६० ऐवजी जागतिक आरोग्य संघटनेप्रमाणे ३/६० केली. ज्यांना आधी अंध धरलं असतं त्यांतले काही नव्या व्याख्येत बसतच नाहीत. घट झालीच असणार, पण ती सगळी ऑपरेशनांची म्हणता येत नाही. आणि ऑपरेशनांतला संशोधनाचा वाटा वेगळा काढणं त्याहून अवघड. मदुराईत ऑरोलॅबनं १९९२ पासून स्वस्त भिंगं बनवली, त्यानं किती डोळे वाचले असतील! ते कुठल्याच सायटेशनमध्ये नाही, पण त्याला 'देशाचं संशोधन' म्हणायचं का, यावर आमच्या धंद्यात अजून भांडणं होतात.

बुबुळ | बुधवार, रात्री १०:१५

व्याख्येचं बरोबर. ३/६० वाला माणूस म्हणजे तीन मीटरवरून जेमतेम बोटं मोजणारा. ४/६० वाला कागदावर अंध नाही, पण तोही शेतात एकटा जात नाही.

ओवीताई, तुमची स्लाइड कुठवर आली?

ओवी | गुरुवार, सकाळी १०:५५

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

ठरवलंय ते असं. निबंधांची संख्या दोन्ही पद्धतींनी, पूर्ण आणि अंशांनी, मेशवरून शोधून आणि २०१४ नंतरचीच. जागतिक सरासरीशी तुलना शाखेची वेगळी आणि मोतीबिंदू, बुबुळ, रेटिना या गल्ल्यांची वेगळी, म्हणजे कुठे मागे आहोत ते नेमकं दिसेल. संस्थांचं वाटप, पीजी_पीडित म्हणतात तसं. आणि कॉक्रेनचे डोळ्यांचे आढावे उघडून त्यांत भारतातल्या चाचण्या किती ते हातानं मोजायचं. हे शेवटचं चिकाटीचं काम आहे, दोन इंटर्न मागितलेत.

सरांना दाखवलं. म्हणाले, 'छान आहे, पण वर मोठ्या अक्षरात एक नंबर लागतो, प्रेक्षक मागे बसलेले असतात.' मी म्हटलं, सर, कुठला नंबर ते तुम्हीच सांगा, मी त्याखाली तळटीप लिहिते. ते विचार करतो म्हणाले.

पीजी_पीडित | गुरुवार, सकाळी ११:२०

इंटर्न कमी पडले तर मी आहे. सीटीआरआयवर, म्हणजे चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, २००९ पासून नोंद सक्तीची आहे. तिथल्या डोळ्यांच्या चाचण्या उतरवून घेतो आणि त्यांतल्या किती पुढे छापल्या गेल्या ते शोधतो. न छापलेल्यांचा आकडा कुठल्याच यादीत नसतो, आपण काढू.

फक्त निबंध झाला तर माझं नाव पहिल्या दोनांत टाका.

खवचट_खान | गुरुवार, सकाळी ११:२४

हे बघा, झालं सुरू.